फ्रेंचमध्ये भावतोल करताय? आधी 80 म्हणायला शिका!

गेल्या वर्षी फ्रान्समधल्या एका छोट्या दुकानाच्या वेबसाइटचं काम मला मिळत होतं. व्हिडिओ कॉलवर मालकांनी रेट विचारला. मला सांगायचं होतं तासाला 24 यूरो, म्हणजे 'व्हँत्-कात्र'. घाईत उलटं बोललो, 'कात्र-व्हँ'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो 4 × 20, म्हणजे चक्क 80! समोरून शांतता. मग ते म्हणाले, "से तँ पऽ शेर." जरा महाग आहे. मला ते कळलंच नाही आणि मी हसत "वी, वी" म्हणजे "हो, हो" म्हणालो! नंतर मेलवर आकडा लिहून पाठवला, तेव्हा कुठे काम वाचलं.

तेव्हापासून मी वाक्यं पाठ करण्याआधी आकडे पक्के करतो. फ्रान्समध्ये 70 म्हणजे 60 + 10, 'स्वासाँत-दीस'. 90 म्हणजे 4 × 20 + 10, 'कात्र-व्हँ-दीस'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र 70 साठी 'सेप्ताँत' आणि 90 साठी 'नोनाँत' हे सोपे शब्द आहेत.

फोनवर सराव कसा करायचा?

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये फ्रेंच भाषा जोडा. नोट्स उघडा, माइक दाबा आणि मोठ्याने आकडा बोला. स्क्रीनवर 24 ऐवजी 80 उमटलं, तर समोरच्यालाही तेच ऐकू येणार! उच्चार ऐकायला गूगल ट्रान्सलेट वापरा. स्पीकरचं बटण पुन्हा दाबलं की वाक्य सावकाश ऐकू येतं.

कामाची चार वाक्यं

1. से तँ पऽ शेर पूर नू – आमच्यासाठी जरा महाग आहे. यातलं 'तँ पऽ' म्हणजे 'जरा'. तेवढ्यानं सूर मऊ होतो.

2. केल ए व्होत्र मेयर प्री? – तुमचा शेवटचा भाव काय?

3. पूरिये-व्हू फेर अँ झेस्त? – काही कमी करता येईल का? शब्दशः भाषांतर केलं तर 'हातवारे कराल का' असं काहीतरी निघतं! पण व्यवहारात 'झेस्त' म्हणजे ग्राहकासाठी दिलेली सूट.

4. झ व्हे रेफ्लेशीर – मी विचार करून सांगतो. गडबडल्यासारखं वाटलं की हे वाक्य वापरा आणि वेळ मिळवा.

आपल्याकडे अनोळखी ग्राहकाला आपण 'तू' म्हणत नाही, तसंच तिथेही धंद्यात 'त्यू' नको, 'व्हू'च म्हणा.

एचटी की टीटीसी?

फ्रेंच कोटेशनला 'देव्ही' म्हणतात. त्यात रकमेपुढे एचटी असेल तर कर वेगळा, टीटीसी असेल तर करासकट. फ्रान्समध्ये या कराचा सर्वसाधारण दर 20 टक्के आहे. म्हणजे 1000 यूरो एचटीवर तो लागला की बिल 1200 यूरोंचं! म्हणून भाव ठरवताना विचारा, "से ऑर ताक्स?" म्हणजे कर सोडून ना?

ट्रान्सलेट ॲप सोबत ठेवाच, पण बोलणी सुरू असताना दर वाक्याला फोनमध्ये डोकं घालू नका. तयारी आदल्या दिवशी करा. आणि ठरलेला आकडा कॉल संपायच्या आत चॅटमध्ये लिहून पाठवा. मी आता न चुकता तेच करतो.