मागच्या चाकाची घरघर

कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ करीत बदलापुरास नित्य मोटारीनें जाणाऱ्या गृहस्थांपैकीं कित्येकांस पावसाळा सरतां सरतां एक नवा आवाज ऐकूं येऊं लागतो. गाडीनें जरा वेग घेतला कीं मागील बाजूनें जात्याच्या घरघरीसारखा जड, एकसुरी नाद उमटतो व वेग वाढेल तसा वाढत जातो. कांहीं मंडळी गाडींतला रेडिओ थोडा चढवून त्यावर तोड काढतात!

ही घरघर पावसाळ्यानंतरच कां, हें समजण्यास या भागांतील पाणी लक्षांत घेतलें पाहिजे. उल्हास नदी बदलापुराच्या कुशींतून वाहते, तर वालधुनी अंबरनाथ व उल्हासनगर या शहरांतून. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेलें नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून हजारांहून अधिक उतारूंची सुटका करावी लागली. त्याच पुरांत नदीकांठच्या वस्त्यांतील मोटारीही पाण्यांत उभ्या होत्या.

मागील आंसाची लोखंडी नळी तर बंद असते. मग पाणी आंत जातें कोठून? गाडी चालून नळींतील तेल व हवा तापते. तापलेली हवा फुगते, म्हणून तिला वाट देण्यास नळीवर एक लहानसें श्वासछिद्र ठेवलेलें असतें. कारागीर त्याला ब्रीदर म्हणतात. असा तापलेला आंस एकाएकीं गार पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आकसते आणि त्या छिद्रावाटें, किंवा झिजलेल्या ऑईल-सीलच्या कडेनें, पाणी आंत ओढून घेते. तेल व पाणी घुसळून ताकासारखें पांढुरकें होतें. असलें तेल पोलादाचें रक्षण करीत नाहीं. चाकाकडील बेअरिंग पुष्कळ गाड्यांत ग्रीस भरून बंद केलेलें असतें, पण तेथेंही पाणी शिरून गोळ्यांवर गंज चढतो आणि मग ते गंजाचे खड्डे प्रत्येक फेऱ्यागणिक घरघरत राहतात. म्हणून गाडी पुरांत सांपडली असल्यास आवाजाची वाट पाहूं नये. रात्रभर ती उभी ठेवून सकाळीं नळीखालचें बूच किंचित सैल करावें; पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें, आंत गेलें असेल तर प्रथम तेंच गळतें.

हें वर्णन इंजिनानें मागील चाकें फिरविणाऱ्या गाड्यांचें होय: जुनी पद्मिनी किंवा अँबॅसॅडर, अलीकडची बोलेरो वा ईको. ज्यांत पुढील चाकें गाडी ओढतात त्यांच्या मागें डिफरेन्शियलच नसतें. तेथें संशय चाकाच्या बेअरिंगवर, टायरवर किंवा ब्रेकवर घ्यावा.

आतां परीक्षा. काँक्रीटचा रस्ता संपून डांबरी लागतांच आवाज बदलला, तर तो बहुधा टायरांचा. न बदलल्यास मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगांत असतां ॲक्सिलरेटरवरील पाय उचलावा व पुन्हां दाबावा. त्याबरोबर ज्याचा जोर बदलतो असा बारीक, किंकाळीसारखा सूर डिफरेन्शियलच्या दात्यांचा किंवा पिनियनच्या बेअरिंगचा असतो. पायाची पर्वा न करतां केवळ गाडीच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा जड नाद चाकाच्या बेअरिंगचा. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हां घरघर वाढल्यास उजवें चाक पाहावें. मात्र अखंड आंसाच्या गाडींत ही खूण नेहमींच मिळते असें नाहीं. अखेरचा निर्णय हातानें करावा. सपाट जागीं पुढील चाकांस अडण लावून गाडी उचलावी व मजबूत घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर तिच्याखालीं जाणें हा जिवाशीं खेळ आहे. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानें चाक फिरविलें म्हणजे खराब बेअरिंगची खरखर हातास कळते. चाक वरखालीं धरून हलवितां डुगडुगत असेल, तर गाडी चालवीत नेऊं नये, ओढून न्यावी.

कित्येक ठिकाणीं गिऱ्हाइकास पहिल्याच भेटींत क्राऊन-पिनियन बदलण्याचा सल्ला मिळतो. माझ्या मतें, वरील परीक्षा समोर करून घेतल्यावांचून त्यास रुकार देऊं नये. तो खर्च एका बेअरिंगच्या कित्येक पट असतो. नवें बेअरिंग मात्र हातोड्यानें ठोकून बसवूं देऊं नये. तें आंसावर दाबतांना जोर आंतील कड्यावरच पडला पाहिजे. बाहेरच्या कड्यावर पडल्यास गोळ्यांचे ठसे कड्यांत उमटतात आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं जुनें होतें. हें काम प्रेसवर करावयाचें, आणि अंबरनाथसारख्या कारखान्यांच्या गांवीं प्रेससाठीं फार हिंडावें लागूं नये. त्याबरोबर ऑईल-सील नवें घालावें, ब्रीदर साफ करावा व तेल संपूर्ण बदलावें.

चाकाच्या आंतल्या अंगास तेलाचा ओघळ दिसला, तर मात्र घरघर नसली तरी त्याच दिवशीं गाडी दाखवावी. तें तेल ब्रेकच्या लायनरवर पोंचलें कीं त्या चाकाचा ब्रेक धरीत नाहीं, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढली जाते. तेल प्यालेले लायनर पेट्रोलनें धुवून पुन्हां बसविण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. ती पत्करूं नये, नवेच घालावेत.