टिंग! गल्ला उघडला

*पाचशेची नोट दिली, ‘टिंग’ झालं, ड्रॉवर पुढे आला, मोड हातात पडली. या चार सेकंदांत काउंटरच्या पलीकडे नेमकं काय घडतं? आणि रात्री हिशेब जुळला नाही, तर भुर्दंड कुणाला?*

रविवारची संध्याकाळ. मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. तुमच्या हातात दोन टी-शर्ट, पुढे सात जण आणि काउंटरवरची मुलगी एवढ्या गर्दीतही हसतेय. ‘सर, सुट्टे आहेत का?’ हा प्रश्न तिने सकाळपासून शंभरदा तरी विचारलेला असतो. आपण वैतागतो. पण तिच्या पुढ्यातल्या त्या काळ्या ड्रॉवरमधला रुपयान् रुपया तिच्या नावावर लागलेला असतो, हे आपल्या गावीही नसतं.

मला हे ठाऊक आहे, कारण कॉलेजच्या सुट्टीत मी दोन महिने एका कपड्यांच्या दुकानात कॅशवर उभी होते.

ड्रॉवरला डोकं नसतं!

ड्रॉवर दिसतो भारी, पण तो असतो नुसता पत्र्याचा खण. आत नोटांचे आणि नाण्यांचे कप्पे, मागे स्प्रिंग आणि एक खिटी. बहुतेक दुकानांत त्याची वायर बिल छापणाऱ्या प्रिंटरला जोडलेली असते. कॅशियरने ‘कॅश’ दाबलं, की कॉम्प्युटर प्रिंटरला सांगतो, प्रिंटर ड्रॉवरला विजेचा एक छोटा झटका देतो (साधारण २४ व्होल्टचा), खिटी सुटते आणि स्प्रिंग खण पुढे ढकलते. बस्स, एवढंच! लाइट गेली तर किल्ली आहेच.

खरी मेमरी असते बिलिंग सिस्टिमकडे. कुणाच्या लॉगिनवर, किती वाजता, कितीचं बिल झालं, सगळं तिथे नोंदलं जातं. विक्री नसताना ‘नो सेल’ बटणाने गल्ला उघडला, तर बहुतेक सिस्टिममध्ये तेही नोंदलं जातं. दिवसभरात कधीही हिशेब बघायचा तर एक्स रिपोर्ट, आणि दुकान बंद करताना झेड रिपोर्ट. झेड निघाला की त्या दिवसाचा हिशेब बंद.

एका बारवाल्याचा संशय

या मशीनचा जन्मच मुळी संशयातून झाला. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन शहरात जेम्स रिटी यांचा बार होता. गर्दी भरपूर, पण नोकर पैसे खिशात घालत, त्यामुळे हाती काही उरत नव्हतं. १८७८ मध्ये युरोपला जाताना बोटीवर त्यांनी पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं आणि डोक्यात घंटी वाजली. फेरे मोजता येतात, तर पैसे का नाही? १८७९ मध्ये त्यांनी भाऊ जॉन यांच्यासोबत पेटंट घेतलं. मशीनचं नाव काय, तर ‘लाच न खाणारा कॅशियर’! पुढे १८८४ मध्ये जॉन पॅटरसन यांनी हा धंदा हातात घेतला, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी केली आणि हे मशीन देशोदेशी गेलं. ती ‘टिंग’ गिऱ्हाइकासाठी नव्हतीच. गल्ला उघडलाय, हे मालकाला कळावं म्हणून होती.

आपल्याकडे मालक स्वतःच गल्ल्यावर बसायचा, अजूनही अनेक दुकानांत बसतो. भवानी झाली की नोट कपाळाला लावून आत टाकायची, लक्ष्मीपूजनाला गल्ल्याला हळद-कुंकू वाहायचं. मालकच बसलाय म्हटल्यावर संशय घेणार कुणावर? पगारी माणूस गल्ल्यावर आला आणि मशीनची गरज पडली.

माझे ४८० रुपये

तो माझा दुसराच रविवार. सकाळी सुट्ट्यांसाठी गल्ल्यात २,००० रुपये ठेवलेले, झेड रिपोर्टवर रोख विक्री १८,४५०. म्हणजे हवेत २०,४५०. तीनदा मोजले, तरी १९,९७०! ४८० रुपये शॉर्ट. मॅनेजर एवढंच म्हणाले, ‘पगारातून जातील.’ घरी जाताना बसमध्ये रडले. पैशांपेक्षा त्यांची नजर जास्त लागली होती.

दुसऱ्या दिवशी कार्ड मशीनचा हिशेब लावताना तिथे बरोबर ४८० जास्त निघाले. म्हणजे गर्दीत गिऱ्हाइकाने कार्ड दिलं आणि मी ‘कॅश’ दाबलं. गल्ला उघडला, मी तो ढकलून बंद केला आणि विसरून गेले. पैसे कापले गेले नाहीत, पण ‘सॉरी’ही कुणी म्हणालं नाही.

तेव्हा एक गोष्ट कळली. ज्या नोंदी आपल्यावर पाळत ठेवतात, त्याच आपल्या बाजूने साक्षही देतात. फक्त त्या मागायची हिंमत हवी. कायदाही तेच सांगतो. १९३६ चा वेतन अदायगी कायदा असो की २०१९ ची वेतन संहिता, तूट थेट कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे किंवा हलगर्जीपणामुळे आली असेल तरच पगार कापता येतो. आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावीच लागते.

आता यूपीआयमुळे गल्ला कमी वेळा उघडतो. पण ‘कॅश’च्या शेजारी आणखी एक बटण आलंय, म्हणजे चुकायला आणखी एक जागा! तेव्हा पुढच्या रविवारी ती मुलगी नोट दोनदा मोजत असेल, तर घड्याळ बघू नका. तिच्या पगाराचा प्रश्न आहे, बॉस!

काउंटरवर उभे असाल तर...

- सकाळचे सुट्टे पैसे स्वतः मोजल्याशिवाय सही करू नका.
- मोड देऊन होईपर्यंत गिऱ्हाइकाची नोट बाहेरच ठेवा. ‘मी पाचशेची दिली होती’ हा वादच मिटतो.
- तुमच्या लॉगिनवर दुसऱ्याला बिल करू देऊ नका.
- शॉर्ट आलं तर आधी कार्ड आणि यूपीआयचा हिशेब ताडून बघा.