देवीचे विषाणू आणि निसर्गाची निवड

आपल्या आजी-आजोबांच्या हातावरील वाटोळे, किंचित खोलगट वण तुम्ही पाहिले असतील. 'देवी काढल्या'ची ती खूण होय. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचण्यात आली. आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. माणसाने समूळ उखडलेला मानवी रोग हा एकच. हे यश येथेच का लाभले, याचे एक उत्तर त्या विषाणूच्या जनुकांत आहे.

देवीच्या कुळातील विषाणूंचा डीएनए पुष्कळ लांब असतो. मानवी देवीच्या विषाणूत त्याची सुमारे १,८६,००० अक्षरे व दोनशेच्या आसपास जनुके होती. मधल्या भागातील जनुके विषाणूच्या प्रती काढण्याचे काम करतात. ती कुळभर जवळजवळ सारखीच आढळतात. टोकांकडील जनुके मात्र प्राण्याच्या शरीरातील पहारेकऱ्यांना चकवतात, आणि खरा फेरबदल तेथेच दिसतो.

हा फेरबदल विषाणू बुद्धीने करीत नाही. प्रती निघताना चुका होतात. ज्या चुकीने प्रसारास मदत होते ती प्रत वाढते. बाकीच्या मागे पडतात. डार्विनने १८५९ मध्ये मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच.

२०१२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी याचा सुंदर पुरावा दिला. लसीच्या विषाणूतील, पहारेकऱ्याला चकवणारे एक जनुक त्यांनी काढून टाकले व तो पंगू विषाणू मानवी पेशींत वाढविला. थोड्याच फेऱ्यांत, त्याच कामाच्या दुसऱ्या जनुकाच्या अनेक प्रती झालेले विषाणू पुढे सरसावले. प्रती अनेक, म्हणून उपयोगी चुकीची संधीही अधिक. तसा बदल घडल्यावर जादा प्रतींची गरज उरत नाही. भजनातल्या पेटीचा भाता जसा फुगतो नि मिटतो, तसाच हा डीएनए.

निवड जशी जोडते, तशी गळतीही होऊ देते. उत्तर युरोपात सापडलेल्या, हजार वर्षांहून जुन्या मानवी अवशेषांतील देवीच्या विषाणूत जी काही जनुके कार्यक्षम होती, ती विसाव्या शतकातील विषाणूत निकामी झालेली आढळली. केवळ माणसातच राहणाऱ्याला अनेक हत्यारे लागेनाशी झाली. पण त्यामुळेच माणूस सुरक्षित होताच त्याला दुसरा आसरा उरला नाही.

त्याचे भाऊबंद मात्र आहेत. म्हशींच्या देवीचा विषाणू लसीच्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग; लसच गुरांत शिरून रुळली असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. २००९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात म्हशींबरोबर माणसांनाही तो बाधला. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील गुरांना ग्रासणारा लम्पीही याच कुळातला. तो मात्र माणसाला होत नाही.

देवी काढणे थांबल्यानंतर जन्मलेल्यांना ते जुने संरक्षण नाही. म्हणून म्हशीच्या सडांवर पुटकुळ्या दिसल्यास दूध काढणाऱ्याने हात जपावेत आणि गुरांच्या डॉक्टरांना तत्काळ कळवावे. निसर्गाची निवड अखंड चालू असते. आपली दक्षताही तशीच अखंड असावी.