सप्टेंबरात विनोद नको

पुण्यातल्या स्टँडअपच्या ओपन माइकला प्रेक्षक म्हणून जे बसलेले असतात, त्यांतले निम्मे आपला नंबर कधी लागतोय याची वाट बघणारे असतात. ते हसत नाहीत. मोबाइलमधल्या नोट्समध्ये डोकं घालून ओठ हलवत बसतात, शाळेत वक्तृत्व स्पर्धेचं भाषण घोकणाऱ्या मुलांसारखे. उरलेल्यांत एक-दोन जोडपी, कुणाच्या तरी भिडेखातर आलेले मित्र आणि खरोखरच कॉफी प्यायला आलेला एखादा बिचारा. या खोलीत आपल्याला चार-पाच मिनिटं मिळतात. मिनिटभर उरलं की मागून होस्ट मोबाइलचा टॉर्च दाखवतो. त्याला ‘लाइट’ म्हणायचं. लाइट मिळाल्यावरही जो बोलत सुटतो, त्याला पुढच्या वेळी स्पॉट मिळेलच असं नाही.

मी काही वर्षं हे करतेय. दिवसा एका सीएच्या ऑफिसात रिटर्न आणि ऑडिट, आठवड्यातली एखादी संध्याकाळ माइक. कुणाला त्याचा त्रास नव्हता. मग एका आयोजकाने विचारलं, “ताई, अर्धा तास आहे का तुमच्याकडे? क्लीन? सोसायट्या, कंपन्या, गणपती मंडळं. पैसे देतात ते.” तेव्हापासून घरात आणि ऑफिसात सगळ्यांनाच या विषयावर मत आहे.

माझं मत बनायला वेळ लागला, कारण आधी हे काम नेमकं काय आहे ते स्वतःशी कबूल करावं लागलं. स्टेजवरची पाच मिनिटं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. प्रत्येक सेट मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचा. स्वतःचा आवाज ऐकणं शिक्षा असते, पण ते जमतं. जमत नाही ती शांतता. वहीत प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: मोठा हशा, बारका हशा, काहीच नाही. मिनिटाला चार-पाच हशे पडले तर सेट घट्ट आहे म्हणायचं. माझ्याकडे ऑडिटची सवय आहे, त्यामुळे हे मला आवडतं. आमच्या लाइनअपमधल्या भन्नाट डोक्याच्या कित्येकांना हे अजिबात सोसत नाही, आणि ते माझ्यापेक्षा विनोदी आहेत.

एक नमुना देते. आमच्या लिफ्टवरचा बिट पहिल्यांदा असा होता: “आमच्या लिफ्टमध्ये सेक्रेटरींचा नंबर लिहिलाय, पण तिथे रेंजच येत नाही.” खरं आहे, पण नुसतीच तक्रार झाली. मग पाटी आधी वाचून दाखवायला लागले: “लिफ्ट बंद पडल्यास घाबरू नये, सेक्रेटरींना फोन करावा. खाली नंबर. वर रेंज नाही.” थोडं हलले लोक. पुढे शेपूट सुचलं, ज्याला आम्ही टॅग म्हणतो: “एकदा नशिबाने फोन लागला. रिंग माझ्या शेजारीच वाजली.” कल्पना चांगली असूनही हशा अर्धवट यायचा. रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा ऐकल्यावर लक्षात आलं की ‘शेजारीच’ला लोक हसायला तोंड उघडतात आणि मी ‘वाजली’ म्हणून त्यांच्यावर बोलते. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि गंमत बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या शब्दात असते. म्हणून वाक्य मोडलं: “रिंग वाजली... शेजारी.” तोच माणूस, तीच लिफ्ट, आणि आता टेबलावर हात आपटतात लोक.

हा शोध लागला ती रात्र छान होती. त्यानंतरच्या रात्रींचा प्रश्न आहे. हौस म्हणून करताना नवं सुचलं की जुनं सोडून देता येतं. गांभीर्याने करायचं म्हणजे ती लिफ्ट पुढची दोन-तीन वर्षं, प्रत्येक वेळी आत्ताच अडकल्यासारखी, सांगायची. मला आधी वाटायचं की आपण पुरेसे विनोदी आहोत का हे ठरवायचंय. ते लोक ठरवतात, आणि लगेच ठरवतात. आपल्याला ठरवायचं असतं ते एवढंच की हा कंटाळा आपल्याला परवडतो का.

शिवाय अर्धा तास म्हणजे पाच मिनिटं गुणिले सहा नव्हे. कॅफेची खोली छोटी, छत खाली, अंधार. एक जण हसला की दुसऱ्याला ऐकू जातं. सोसायटीच्या आवारात हशा वर निघून जातो. पहिल्या रांगेत सतरंजीवर मुलं, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाजूला वडापावची रांग आणि मध्येच “निळ्या रंगाची गाडी ज्यांची असेल त्यांनी ती काढावी”. इथे कॅफेतलं निम्मं मटेरिअल बाद. जे उरतं ते हळू, मोठ्याने आणि आजोबांना कळेल असं सांगावं लागतं. ओपन माइकवाले याला जरा हिणवतात. मला ते जास्त कठीण वाटतं.

सल्ला देणारे दोन प्रकारचे. “नोकरी सोड, झोकून दे” म्हणणारे, ज्यांनी स्वतः काही सोडलेलं नसतं. आणि “छंद छंदच राहू दे” म्हणणारे. आपल्याकडे हसवणाऱ्यांचा इतिहास मात्र बऱ्यापैकी नोकरदारांचा आहे. गावोगावी कथाकथन गाजवणाऱ्या त्रयीत द. मा. मिरासदार प्राध्यापक, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, शंकर पाटील पाठ्यपुस्तक मंडळात. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रं उभी करणारे लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. यांना हौशी म्हणायची कुणाची छाती आहे? अर्थात त्यांना दर आठवड्याला रील टाकावं लागत नव्हतं. २०१६ साली सुरू झालेल्या भाडिपासारख्यांनी मराठी स्टँडअप यूट्यूबवर घरोघरी नेलं, त्याचा फायदा माझ्यासारखीला मिळतो. पण आता आयोजक आधी क्लिप मागतो.

आणि क्लिप म्हटलं की माणूस जपून बोलायला लागतो. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या स्टँडअपच्या जागेची एका राजकीय विनोदावरून तोडफोड झाली, त्यानंतर आमच्या छोट्या खोल्यांतही होस्ट सुरुवातीलाच सांगायला लागले की रेकॉर्डिंग करू नका. मी राजकारणावर बोलत नाही. पण आमच्या ऑफिसचे क्लायंट सगळ्या पक्षांचे, सगळ्या जातींचे आहेत आणि त्यांना सगळ्यांना यूट्यूब येतं. आईची काळजी वेगळी. ती म्हणाली, “काय करायचं ते कर, पण माझ्यावर विनोद केलास तर निदान मी गोरी होते असं तरी सांग.”

शेवटी अडलं ते कॅलेंडरवर. सोसायट्या आणि मंडळं बोलावतात गणपतीत. गणपती येतात ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात, आणि टॅक्स ऑडिटची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. म्हणजे महाराष्ट्राला हसायची इच्छा होते नेमकी त्याच वेळी, जेव्हा मी रात्री अकरापर्यंत कुणाच्या तरी साखर कारखान्याच्या पावत्या जुळवत असते. मुदत कधीकधी वाढते, पण ती वाढेल या भरवशावर मंडळाला तारीख देता येत नाही.

तेव्हा सरांशी बोलले. नोकरी सोडत नाही, पण दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर शनिवारी मी ऑफिसात नसेन, आणि त्या दिवसांचा पगार कापावा. सर म्हणाले, “विनोदी बोलून किती मिळतात?” आकडा सांगितल्यावर म्हणाले, “त्यावर टीडीएस कापतात का बघ.” आयोजकालाही कळवलं: सप्टेंबर सोडून बोला. कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम डिसेंबरात असतात, तिथून सुरू करू.

त्याने पुन्हा विचारलं, अर्धा तास आहे ना? बावीस मिनिटं आहेत. त्यातली अठरा मुलांसमोर चालतील.