वरचा उजवा कोपरा

चार आठवड्यांच्या उंदराची थायमस ग्रंथी हृदयाच्या डोक्यावर असते: दोन पांढुरक्या पाकळ्या, करंगळीच्या नखाएवढ्या. संशोधक मुलीने ती चिमट्याने सोडवली आणि बारीक जाळीवर सिरिंजच्या दट्ट्याने चोळली. खाली दुधाळ पाणी उतरलं. एवढ्याशा ग्रंथीत दहा-वीस कोटी पेशी असतात. टी-पेशींवरच्या सीडी४ आणि सीडी८ या खुणांना चिकटणारे चमकते प्रतिपिंड मिसळून, धुऊन, तिने नळी फ्लो सायटोमीटरला लावली.

एक पेशी, एक ठिपका. बघता बघता पडद्याचा वरचा उजवा कोपरा गच्च भरला. दोन्ही खुणा असलेल्या पेशी, जवळजवळ ८० टक्के.

"यातल्या बहुतेक मरणार," ती म्हणाली.

थायमसला टी-पेशींची शाळा म्हणतात. मला ते पटत नाही. इथे शिकवत कोणीच नाही. प्रत्येक पेशी जनुकांचे तुकडे वाटेल तसे जोडून आपला रिसेप्टर घडवते. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी शरीरातल्याच प्रथिनांचे तुकडे एमएचसी रेणूंवर मांडून बसलेल्या असतात. रिसेप्टर तिथे जरासा चिकटला, तर पेशी जगते. नाहीतर तीन-चार दिवसांची मुदत. तेवढ्यात ती रिसेप्टरची अल्फा साखळी पुन्हा पुन्हा बदलून पाहते. तरी जमलं नाही, की संपली. तिने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं, तिला कुणी विचारलं नाही एवढंच.

आतल्या गाभ्यात कसोटी उलटी. तिथल्या पेशी 'एअर' नावाच्या जनुकामुळे इन्सुलिनसारखी, एरवी स्वादुपिंडात बनणारी प्रथिनंही किंचित बनवतात. त्यांना घट्ट चिकटणारी टी-पेशी बहुधा मारली जाते. हे जनुक १९९७ मध्ये हाती लागलं, तेही फिनलंडमध्ये तुलनेने जास्त आढळणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचा माग काढताना. त्यात शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतं. घट्ट चिकटणाऱ्या काहींना मात्र जगवून नियामक केलं जातं. २०२५ चं नोबेल मिळवणारे शिमोन साकागुची यांचं काम याच नियामक पेशींवरचं.

शंभरातल्या चार-पाचच बाहेर पडत असतील, तर पडद्यावर मढ्यांचा खच दिसायला हवा. तो दिसत नव्हता. मी विचारलं.

"मॅक्रोफेज पेशी त्यांना लगेच गिळतात ना!"

चार्ल्स सर्ह आणि जोनाथन स्प्रेंट यांनी १९९४ मध्ये थायमसच्या कापांत मरणाऱ्या पेशी रंगवून शोधल्या, तेव्हा त्या सापडल्या मॅक्रोफेजच्या पोटातच.