पिकअप घ्यावी, पण कोणती?

दादर-गिरगावात बिऱ्हाड आणि कोकणात आंब्याची बाग, अशा दुहेरी संसारास पिकअप मोटार सोयीची, हे उघड आहे. अडचण येते ती तिचे व्हेरियंट निवडताना. विक्रेता प्रथम दाखवितो तो मोठा पडदा, क्रोमची चकाकी आणि चामडी बैठका. आमचे मत असे की, जे मागाहून बसविता येते त्यासाठी आरंभी पैसे मोजू नयेत. जे मागाहून बसविणे जवळजवळ अशक्य, तेच आधी पाहावे.

पहिली गोष्ट, इंजिनाची शक्ती किती चाकांस मिळते? इसुझूची हाय-लँडर दिसावयास व्ही-क्रॉसची सख्खी बहीण. परंतु तिची मागील दोनच चाके ओढतात. पावसाळ्यात बागेच्या चढावर हा भेद कळतो. दुसरी गोष्ट डिफरन्शियल लॉक. एरवी एक चाक चिखलात घसरले की शक्ती तेथेच वाया जाते. लॉकमुळे दोन्ही चाके एकत्र फिरतात. २०२२ साली भारतात आलेल्या टोयोटा हायलक्सला तो मागील चाकांसाठी दिलेला आहे.

मात्र चारही चाके ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही. आणि हिंदमात्याच्या तुंबलेल्या पाण्यात इंजिन हवा किती उंचीवरून घेते, हेच निर्णायक ठरते.

शेवटी आपले आवारही मोजावे. हायलक्स सुमारे साडेसतरा फूट लांब आहे. ती फाटकातून वळतच नसेल, तर स्वस्तातले व्हेरियंटही महागच!