जुनी मोटार, नवे सस्पेन्शन आणि आंधळा ग्राहक

जुन्या मोटारीला बाजारातून आणलेले ‘कॉइलओव्हर’ बसवण्याची हौस आपल्या शहरांतील तरुणांत दिसते. वडीलधारी मंडळी तिला उधळपट्टी म्हणतात, कायदा तिच्याकडे संशयाने पाहतो. वस्तुतः हा प्रश्न हौसेचा कमी आणि बाजारातील अज्ञानाचा अधिक आहे.

मोटारीचे वजन स्प्रिंग पेलते आणि खड्ड्यानंतरची तिची उसळी शॉकॲब्सॉर्बर शमवतो. कॉइलओव्हरमध्ये शॉकॲब्सॉर्बरभोवतीच स्प्रिंग असते. नळीवर आटे पाडलेले असतात आणि त्यांवरील चकती फिरवून गाडीची उंची बदलता येते. गाडी खाली बसली की गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर ती कमी कलते. हा लाभ खरा आहे. परंतु त्याची पूर्ण किंमत पावतीवर दिसत नाही. उंची घटली की चाकाला वरखाली होण्यास जागा कमी उरते आणि गतिरोधकावर गाडीचे पोट घासते. चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट पुन्हा न केल्यास टायर एका कडेने झिजतात. त्यातून गाडी जुनी असेल, तर तिचे रबरी बुश चिरलेले आणि पत्रा गंजलेला असतो. ताठ स्प्रिंगचे धक्के याच जीर्ण भागांवर पोहोचतात. ‘प्रीमियर पद्मिनी’ला तर मागे पाटे असत. तेथे कॉइलओव्हर बसवायचे म्हणजे नवे आधार वेल्डिंगने जोडणे आले.

हे सारे ग्राहकाला कसे कळावे? जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच बाजाराचा दाखला घेऊन दाखवले की, मालाची प्रत विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. चांगला व सुमार कॉइलओव्हर दिसण्यात सारखेच चकचकीत असतात. फरक कळतो तो ऐन ब्रेकच्या वेळी. आणि तेव्हा किंमत मोजतो तो रस्ता ओलांडणारा, ज्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नसतो!

आपला कायदा काय करतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. हेतू योग्यच आहे. परंतु नुसत्या धाकाने काम थांबत नाही, ते आडोशाला जाते. आणि आडोशाला कोणी पावती देत नाही, की हमी.

जर्मनीने वेगळी वाट धरली. तेथे असा सुटा भाग तज्ज्ञांच्या चाचणी-अहवालासह विकला जातो. तो बसवल्यावर, आवश्यक तेथे, अधिकृत तपासनीस गाडी तपासतो आणि बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत होते. धोकादायक फेरफार केल्यास वाहनाचा परवानाच संपुष्टात येतो. म्हणजे शिस्त सैल नाही, उलट डोळस आहे.

आपणही प्रमाणित भाग, सशुल्क तपासणी आणि नोंदणीपुस्तकात नोंद अशी व्यवस्था उभारावी. खर्च हौस करणाऱ्याने सोसावा. उद्या तीच गाडी विकत घेणाऱ्या सामान्य कारकुनाला किंवा शिक्षकाला ती नोंद वाचता आली, तरी या बाजारातील निम्मा अंधार हटेल.